नेट मीटरवरचे उणे शून्य आणि रस्टमधली चिन्हाची तपासणी

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एखादी फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश चिन्हाची, संख्या ऋण आहे का हे पाहायचे असेल, तर दोन मार्ग लगेच सुचतात. ती शून्यापेक्षा लहान आहे का असे विचारता येते, म्हणजे सरळ ‘एक्स < ०.०’ असे लिहायचे. किंवा ‘इज_साइन_निगेटिव्ह’ ही मेथड वापरायची. रोजच्या बहुतेक आकड्यांसाठी दोन्हींचे उत्तर एकच येते. त्यामुळे हाताला येईल तो मार्ग वापरला जातो आणि कोड रिव्ह्यूमध्येही त्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. माझे म्हणणे असे की हे मुळातच दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न संख्येच्या किमतीबद्दल आहे आणि दुसरा त्या संख्येच्या सर्वांत डावीकडच्या एका बिटाबद्दल. आपल्याला यांपैकी काय विचारायचे आहे हे लिहिणाऱ्याने आधी ठरवले नाही, तर एकाच प्रोग्रामचे दोन भाग एकाच संख्येबद्दल परस्परविरुद्ध उत्तरे देऊ लागतात, आणि असा दोष शोधून काढणे फार जिकिरीचे असते.

हा विषय माझ्यासमोर रोजच्या कामातून आला. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आम्ही छतावरच्या सौर ऊर्जेसाठी एक लहान उपकरण तयार करतो. महावितरणच्या नेट मीटरच्या अलीकडे, घराच्या बाजूला, एक स्वतंत्र मीटर बसवलेले असते. आमचे उपकरण त्याच्याकडून आरएस-४८५ च्या तारेवरून मॉडबस या संदेशांच्या ठरावीक पद्धतीने आकडे वाचते आणि घर या क्षणी वीज घेत आहे की बाहेर सोडत आहे हे दाखवते. घेतलेली वीज धन आणि सोडलेली वीज ऋण, असा संकेत आम्ही पाळतो. मे महिन्यात मानेवाडा, बेसा, मनीषनगर या बाजूंच्या छतांवर भर दुपारी हा आकडा ठणठणीत ऋण असतो. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पॅनलचे उत्पादन संपत येते, पण नागपूरच्या मे महिन्यात कूलर काही त्या वेळी बंद होत नाहीत, आणि आकडा शून्य ओलांडून धन बाजूला जातो. नेमक्या त्या ओलांडण्याच्या काळात पडद्यावर कधी कधी ‘-०.००’ असे दिसते. बेसा भागातल्या एका काकांनी ते पाहून विचारले होते, ‘‘भाऊ, शून्यच हाय, तर मंग त्याले मायनस कायले लावता?’’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायचे तर संख्येच्या पोटात शिरावे लागते.

रस्टमधल्या एफ३२ या प्रकारच्या फ्लोट संख्येत ३२ बिट असतात. त्यांतला पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ८ घातांकाचे आणि उरलेले २३ अपूर्णांकाच्या भागाचे. एफ६४ मध्ये ही वाटणी १, ११ आणि ५२ अशी आहे. ही मांडणी आयईईई ७५४ या मानकाने ठरवली आहे; ते १९८५ साली प्रथम आले आणि २००८ व २०१९ साली सुधारले गेले. त्यामागचे प्रमुख नाव म्हणजे बर्कलीचे गणितज्ञ विल्यम काहान. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पूर्णांक संगणकात ज्या पद्धतीने ठेवले जातात, तिच्यात चिन्ह असे वेगळे ठेवलेले नसते. आय३२ या ३२ बिटांच्या पूर्णांकाची व्याप्ती -२१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत असते, म्हणजे ऋण बाजूला एक संख्या जास्त, आणि शून्य मात्र एकच. फ्लोटमध्ये चिन्ह वेगळे आणि परिमाण वेगळे असल्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात. त्याची किंमत अशी की परिमाण शून्य असतानाही चिन्हाचा बिट ० किंवा १ असू शकतो. म्हणून शून्ये दोन. धन शून्याचे ३२ ही बिट ० असतात. ऋण शून्यात फक्त पहिला बिट १ असतो आणि हेक्समध्ये ते ८००००००० असे दिसते.

मानक सांगते की तुलनेत ही दोन शून्ये समान मानायची. त्यामुळे ‘-०.० == ०.०’ याचे उत्तर खरे येते आणि ‘-०.० < ०.०’ याचे उत्तर खोटे येते. पण १ ला धन शून्याने भागले तर धन अनंत मिळते आणि ऋण शून्याने भागले तर ऋण अनंत. किंमत सारखी असूनही पुढच्या गणितात दोघांची वागणूक वेगळी आहे. विधान भवनाजवळच्या झिरो माइलच्या खांबापाशी कोणी कामठी रोडने आला काय किंवा वर्धा रोडने आला काय, ठिकाण तेच. पण तो कोणत्या बाजूने आला ही माहितीही जपून ठेवायची सोय ऋण शून्यामुळे झाली आहे. मात्र ही सोय सर्वत्र लागू पडते असे समजू नये. ३ मधून ३ वजा केले किंवा -३ मध्ये ३ मिळवले, तरी नेहमीच्या पूर्णांकन (राउंडिंग) पद्धतीत उत्तर धन शून्यच येते. कोणत्या बाजूने शून्यापर्यंत पोहोचलो याचा माग त्यात राहत नाही. गुणाकार, भागाकार आणि पूर्णांकन यांत तो राहतो, बेरीज-वजाबाकीत बहुधा राहत नाही. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आमच्या पडद्यावरचे ‘-०.००’ कुठून आले ते आता पाहू. किलोवॉटचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आणण्यासाठी त्याला १०० ने गुणायचे, ‘राउंड’ करायचे आणि पुन्हा १०० ने भागायचे, अशी सर्वपरिचित रीत आहे. घरातून फक्त ४ वॉट बाहेर जात असतील तर आकडा -०.००४, त्याला १०० ने गुणले की -०.४; ‘राउंड’ त्याचे शून्य करते, पण चिन्ह तसेच ठेवते; आणि -०.० ला १०० ने भागले तरी -०.० च उरते. रस्ट हे शून्य छापताना उणे चिन्हासह छापते. पूर्णांकन न करता नुसते छापतानाच दोन स्थळे मागितली, तरीही पडद्यावर ‘-०.००’ च येते, पण त्या वेळी आतली संख्या शून्य नसते, ती -०.००४ च असते. दिसायला दोन्ही एकसारखे. ‘एक्स < ०.०’ असे विचारले तर पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘होय’ असे उत्तर मिळेल. चिन्हाचा बिट विचारला तर दोन्हींना ‘होय’.

अशाच दिसणाऱ्या ‘-०.०’ चा आणखी एक प्रकार आहे आणि मला तो सर्वांत शिकवणारा वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो. मॉडबसमध्ये एक रजिस्टर १६ बिटांचे असते. एफ३२ पाठवायचा तर दोन रजिस्टरे लागतात, आणि त्यांतला वरचा अर्धा भाग आधी पाठवायचा की खालचा, हे मॉडबसच्या मानकात बांधून दिलेले नाही. उत्पादकागणिक क्रम वेगळा सापडतो. आमच्याकडे चाचणीसाठी आलेल्या एका मीटरच्या माहितीपत्रकात हा क्रम लिहिलेलाच नव्हता. समजा व्होल्टेज २३०.५ आहे. या संख्येचे एफ३२ मधले रूप ४३६६८००० असे होते, म्हणजे पहिले रजिस्टर ४३६६ आणि दुसरे ८०००. ही दोन रजिस्टरे उलट क्रमाने जोडली की ८०००४३६६ तयार होते. आता पहिला बिट १ झाला, म्हणजे चिन्ह ऋण. घातांकाचे आठही बिट ० झाले, म्हणजे ही सबनॉर्मल गटातली अतिसूक्ष्म संख्या झाली. आणि किंमत निघते सुमारे उणे २.४ गुणिले १० चा उणे ४१ वा घात. एका दशांश स्थळापर्यंत छापली की पडद्यावर येते ‘-०.०’. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट खेळत आहेत, आणि पडदा उणे शून्य दाखवत आहे!

अशा वेळी चिन्ह तपासून काहीच निष्पन्न होत नाही, कारण चिन्हाचा बिट खरोखरच १ आहे आणि संख्या खरोखरच शून्यापेक्षा लहानही आहे. येथे उपयोगी पडते ती ‘क्लासिफाय’ ही मेथड. ती संख्या शून्य, सबनॉर्मल, नेहमीची, अनंत की नॅन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे संख्याच नसलेले उत्तर) यांपैकी कोणत्या गटात बसते हे सांगते. वीजमापनातली कोणतीही खरी राशी १० च्या उणे ४१ व्या घाताच्या जवळपास असू शकत नाही. त्यामुळे तारेवरून आलेला आकडा सबनॉर्मल निघाला की रजिस्टरांचा क्रम संशयास्पद मानायचा, असा नियम आम्ही वाचनाच्या पहिल्याच पायरीवर ठेवला आहे. हा नियम उलटा जोडलेला प्रत्येक आकडा पकडेल असे नाही, पण २३०.५ सारखे आकडे, ज्यांच्या खालच्या रजिस्टरमधले, उलट जोडल्यावर घातांकाच्या जागी येणारे आठही बिट शून्य असतात, ते तो पकडतो. शंका असेल तेव्हा दशांशात छापण्याऐवजी ‘टू_बिट्स’ वापरून हेक्समध्ये छापावे; तिथे काहीही लपत नाही.

आता मूळ मेथडकडे येतो. ‘इज_साइन_निगेटिव्ह’ ही संख्येचे बिट घेऊन फक्त पहिला बिट पाहते. शून्य, अनंत, नॅन, कशाचाही अपवाद ती करत नाही. सीमध्ये हेच काम ‘साइनबिट’ हा मॅक्रो करतो आणि तो १९९९ च्या मानकात आला, गोमध्ये ‘मॅथ.साइनबिट’ आहे. रस्टमध्ये या मेथडचे नाव पूर्वी ‘इज_निगेटिव्ह’ असे होते आणि २०१५ च्या १.० आवृत्तीच्या वेळी ते बदलले गेले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण पूर्णांकांनाही ‘इज_पॉझिटिव्ह’ आणि ‘इज_निगेटिव्ह’ या मेथड आहेत आणि त्या किंमत पाहतात. पूर्णांक ० ला ‘इज_पॉझिटिव्ह’ विचारले तर उत्तर ‘नाही’ येते, फ्लोट ०.० ला ‘इज_साइन_पॉझिटिव्ह’ विचारले तर ‘होय’ येते. नावे सारखीच राहिली असती तर एखाद्या चलाचा प्रकार आय३२ वरून एफ३२ केल्यावर कंपायलरने चकार शब्द काढला नसता आणि शून्याच्या बाबतीतले उत्तर मात्र गुपचूप उलटले असते.

हाच सापळा संख्येचे चिन्ह सांगणाऱ्या ‘सिग्नम’ या मेथडमध्ये अजून शिल्लक आहे. पूर्णांकाचे ‘सिग्नम’ -१, ० किंवा १ देते. फ्लोटचे ‘सिग्नम’ रस्टमध्ये ०.० साठी १.० आणि -०.० साठी -१.० देते; ० ते कधीच देत नाही, आणि नॅनसाठी नॅन देते. जावामध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये शून्याचे ‘साइन’ शून्यच येते. त्यामुळे तिकडून इकडे कोड आणणाऱ्याने ‘सिग्नम’ ला गुणक म्हणून वापरले असेल, तर शून्य असलेला प्रत्येक आकडा एकदम एका दिशेला ढकलला जातो. आमच्या क्षेत्रात याचा अर्थ असा की रात्री पॅनल बंद असताना इन्व्हर्टरचा ०.० हा आकडा ‘धन दिशा’ म्हणून मोजला जाईल. ‘सिग्नम’ च्या या वागण्याला मी दोष देत नाही. चिन्हाच्या बिटाशी ते प्रामाणिक आहे. पण पूर्णांकाच्या आणि फ्लोटच्या मेथडला एकच नाव ठेवायला नको होते असे मला मनापासून वाटते.

जुन्या रस्टमध्ये चिन्ह पाहण्यासाठी वेगळीच युक्ती होती. संख्या शून्यापेक्षा मोठी आहे का ते पाहायचे, आणि नसेल तर १ ला तिने भागून धन अनंत येते का ते पाहायचे. १/०.० आणि १/-०.० यांतल्या फरकावर ती उभी होती. पुढे तिच्या जागी थेट बिट पाहणे आले. गतीच्या दृष्टीनेही ते बरे झाले. आमच्या उपकरणातला मायक्रोकंट्रोलर एआरएमच्या कॉर्टेक्स-एम४ गटातला आहे आणि त्यातले फ्लोटिंग पॉइंटचे हार्डवेअर फक्त ३२ बिटांच्या संख्यांसाठी आहे. ६४ बिटांच्या संख्येची शून्याशी तुलना करायची तर कंपायलरला त्यासाठी सॉफ्टवेअर रूटीन बोलवावे लागते. चिन्हाचा बिट पाहणे मात्र कुठल्याही चिपवर साध्या पूर्णांकाच्या आज्ञेने होते. तरीही केवळ गतीसाठी तुलनेच्या जागी बिटाची तपासणी घालू नये, कारण तसे केल्याने प्रश्नच बदलतो.

तर मग चिन्हाचा बिट विचारण्याची खरी गरज कुठे पडते? आमच्याकडे ती कोनाच्या गणितात पडली. प्रत्यावर्ती विजेत सक्रिय शक्ती आणि प्रतिक्रिय शक्ती अशा दोन राशी असतात. त्यांना अनुक्रमे पी आणि क्यू म्हणतात. दोन्हींच्या चिन्हांवरून चार चरण ठरतात आणि त्यांच्यातला कोन ‘एटॅन२’ या फंक्शनने काढतात. छतावरचा इन्व्हर्टर साधारण १ इतक्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे जवळपास सगळी शक्ती सक्रियच देत, चालत असेल तर दुपारी पी ऋण असतो आणि क्यू शून्याच्या अगदी आसपास असतो. इथे ‘एटॅन२’ काटेकोर वागते: पी ऋण असताना क्यू धन शून्य असेल तर कोन +१८० अंश, आणि क्यू ऋण शून्य असेल तर -१८० अंश. ही काही लहर नाही. क्यू शून्याच्या किंचित वर असेल तर कोन +१८० च्या जवळ असतो आणि किंचित खाली असेल तर -१८० च्या जवळ. पूर्णांकनाने क्यूचे शून्य झाले तरी तो कोणत्या बाजूचा होता हे चिन्हाचा बिट सांगतो आणि कोनाचे उत्तर त्याच्याशी सुसंगत राहते. काहान यांनी ऋण शून्याचा आग्रह धरला तो मुख्यतः अशाच ठिकाणांसाठी, जिथे फंक्शनची किंमत एका रेषेवर तुटते आणि रेषेच्या कोणत्या काठावर आपण उभे आहोत हे जाणून घ्यावे लागते.

आता कल्पना करा की कोन ‘एटॅन२’ ने काढला आणि चरण मात्र ‘क्यू < ०.०’ असे विचारून ठरवला. पी -३.० आणि क्यू -०.० असताना कोन येईल -१८०, म्हणजे तिसऱ्या चरणाची कड. आणि तुलना सांगेल की क्यू ऋण नाही, म्हणजे चरण दुसरा. एकाच ओळीत दोन रकाने, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही. इथे चरणासाठी ‘इज_साइन_निगेटिव्ह’ च वापरले पाहिजे, कारण ‘एटॅन२’ ही आतून तोच बिट पाहते. याच जागेचा दुसरा धोका सरासरीचा आहे. मिनिटभराच्या नोंदींत निम्मे कोन +१८० आणि निम्मे -१८० आले तर सरासरी ० निघते, म्हणजे वीज बाहेर सोडणारे घर अहवालात वीज घेणारे ठरते. कोनांची सरासरी काढायचीच नाही. पी आणि क्यू यांची वेगवेगळी सरासरी काढून शेवटी एकदाच ‘एटॅन२’ लावायचे.

याउलट घर वीज घेते की सोडते हे ठरवताना चिन्हाचा बिट अजिबात विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शून्याच्या आसपास मीटरचा आकडा कंप पावत असतो. तिथल्या चिन्हाला काही अर्थ नसतो आणि -०.० वरून ‘वीज सोडली’ अशी नोंद करणे ग्राहकाची दिशाभूल आहे. तिथे आम्ही शून्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडतो आणि तिच्या आत आकडा असेल तोवर आधीची दिशा बदलत नाही. बाकी तुलनेसाठी ‘पार्शल_सीएमपी’ वापरतो. ती लहान, समान, मोठे, आणि ‘तुलना होऊ शकत नाही’ अशी चार उत्तरे देते. ‘मॅच’ मध्ये चारही हाताळल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. दोन्ही शून्ये ‘समान’ या एकाच फांदीत पडतात, आणि चौथी फांदी नॅनसाठी असते.

नॅनविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चिन्हाच्या तपासणीत सर्वांत जास्त घोटाळा तोच करतो. नॅनची कशाशीही केलेली लहान, मोठे किंवा समान अशी तुलना खोटी येते, म्हणून ‘एक्स < ०.०’ खोटे आले याचा अर्थ ‘एक्स >= ०.०’ खरे असा होत नाही. ‘ऋण असेल तर सोडली, नाहीतर घेतली’ असे दोनच फांद्यांचे ‘इफ’ लिहिले की नॅन गुपचूप दुसऱ्या फांदीत जातो. सौर उपकरणांसाठीच्या सनस्पेक या संकेतात एखादी फ्लोट राशी उपलब्ध नसेल तर ७एफसी००००० हा नॅन पाठवतात. त्याचा चिन्हाचा बिट ० असतो. म्हणजे बिट पाहिला तरी उत्तर ‘धन’, तुलना केली तरी ‘ऋण नाही’. दोन्ही मार्गांनी, नसलेली माहिती ‘वीज घेतली’ म्हणून नोंदली जाते. यावर इलाज एकच, की सर्वांत आधी ‘इज_नॅन’ विचारावे.

गणितातून तयार होणाऱ्या नॅनचे चिन्ह तर त्याहून बेभरवशाचे. चालत्या प्रोग्राममध्ये ०.० ला ०.० ने भागले तर इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरवर मिळणाऱ्या नॅनचा चिन्हाचा बिट १ असतो, एआरएमवर तोच ० असतो. आणि कंपायलरने ते गणित आधीच करून ठेवले असेल तर काय येईल ते त्याच्यावर अवलंबून. रस्टच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की नॅनच्या या बिटावर विसंबू नये. निरपेक्ष मूल्य देणारे ‘एब्स’, दुसऱ्या संख्येचे चिन्ह लावणारे ‘कॉपीसाइन’ आणि संख्येपुढे लावलेले उणे, या तीन क्रिया मात्र नॅनवरही नेमका तोच बिट बदलतात, कारण त्या गणिताच्या क्रिया नाहीत, बिटाच्या आहेत.

म्हणूनच ‘०.० - एक्स’ आणि ‘-एक्स’ हे एक नव्हे. एक्स ०.० असेल तर पहिल्याचे उत्तर धन शून्य आणि दुसऱ्याचे ऋण शून्य. ‘एक्स शून्यापेक्षा लहान असेल तर -एक्स, नाहीतर एक्स’ असे हाताने लिहिलेले निरपेक्ष मूल्यही -०.० ला तसेच सोडून देते. ‘एब्स’ सोडत नाही.

पडद्यावरचे उणे चिन्ह घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पूर्णांकन झाल्यावर त्यात ०.० मिळवणे. ऋण शून्य अधिक धन शून्य म्हणजे धन शून्य, आणि बाकी कोणत्याही संख्येत काही फरक पडत नाही. वाचणाऱ्याला ही ओळ निरर्थक वाटून तो ती काढून टाकण्याचा संभव असतो, म्हणून तिच्यावर टीप लिहून ठेवावी. कंपायलर स्वतः ती काढत नाही, कारण तिने उत्तर बदलते हे त्याला माहीत असते. सीमध्ये ‘फास्ट-मॅथ’ चा स्विच दिला तर मात्र शून्याचे चिन्ह दुर्लक्षित करण्याची मुभा त्याला मिळते आणि ओळ उडते. स्थिर रस्टमध्ये असा स्विच नाही, हे मला बरे वाटते. त्याऐवजी ‘मॅक्स’ वापरून ०.० शी तुलना करण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो खात्रीचा नाही, कारण दोन शून्यांपैकी कोणते परत येईल याची हमी रस्ट देत नाही, शिवाय खऱ्या ऋण संख्या त्याने पुसल्या जातात.

याच बेरजेच्या नियमामुळे एक अनपेक्षित उणे शून्य अलीकडे दिसू लागले आहे. बेरजेचा खरा तटस्थ घटक ऋण शून्य आहे, कारण -०.० मध्ये काहीही मिळवले तरी ते जसेच्या तसे राहते, तर ०.० मध्ये -०.० मिळवले तर चिन्ह हरवते. हे लक्षात घेऊन रस्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांत फ्लोटच्या ‘सम’ ची सुरुवात -०.० पासून होते. त्यामुळे रिकाम्या यादीची बेरीज आता -०.० येते. ज्या दिवशी इंटरनेट बंद राहून एकही नोंद पोचली नाही, त्या दिवसाच्या अहवालात ‘-०.००’ युनिट असे छापले जाईल. गणिताच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. अहवाल लिहिणाऱ्याने मात्र रिकाम्या यादीसाठी बेरीज न छापता ‘नोंद नाही’ असे छापावे. दोन्ही अर्थांनी तेच खरे आहे.

चिन्ह वाटेत कुठे हरवते याचीही नोंद ठेवावी. -०.० ला किंवा -०.४ ला ‘ॲज आय३२’ लिहून पूर्णांकात बदलले की ० मिळतो, आणि रस्टच्या १.४५ आवृत्तीपासून नॅनलाही ० मिळण्याची हमी आहे. म्हणजे वॉटचे आकडे पूर्णांकात साठवणाऱ्या टेबलात शून्य, ऋण शून्य आणि ‘माहिती नाही’ हे तिन्ही एकाच ० मध्ये विरघळतात. ब्राउझरमध्ये ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ ही -०.० चे ‘०’ करून टाकते. चिन्ह जपायचे असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहून पाठवणेच बरे.

टेस्ट लिहिताना ‘असर्ट_ईक्यू’ ने ०.० शी तुलना केली तर -०.० ही पास होते, कारण दोन्ही समान मानली जातात. पूर्णांकनाचे आणि छपाईचे फंक्शन तपासताना म्हणून आम्ही ‘टू_बिट्स’ ची तुलना करतो. त्यात -०.००४, -०.०, ०.०, दोन्ही अनंत, ८०००४३६६ हा सबनॉर्मल आणि ७एफसी००००० हा नॅन, एवढे आकडे नेहमी असतात. नॅन बाहेर पडतो तिथे मात्र फक्त ‘इज_नॅन’ तपासतो, त्याचे चिन्ह कधीच नाही. कारण टेस्ट चालतात त्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा आहे आणि मीटरपेटीशेजारी बसणारा एआरएमचा.